किल्लेदाराचा खटला

मंगरूळच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात मारामारी झाली. खरीखुरी मारामारी, वेण्या ओढून, पाट्या आपटून. आणि ती झाली पुस्तकातल्या एका किल्लेदारावरून.

धडा साधाच होता. जुन्या काळी एका डोंगरी किल्ल्याला शत्रूचा वेढा पडतो. राजा दूर मुलखात लढाईवर गेलेला असतो. त्याचा हुकूम एकच, मी येईपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. पावसाळा जातो, हिवाळा जातो, राजा येत नाही. किल्ल्यातलं धान्य संपतं, टाक्यातलं पाणी हिरवं होतं, लेकरं मरायला लागतात. तेव्हा किल्लेदार शत्रूशी बोलणं लावतो, कोणाच्या जिवाला धक्का लागणार नाही अशी कबुली घेतो आणि दरवाजा उघडतो. माणसं वाचतात. पुढे राजा परत येतो, किल्लेदाराला पकडून आणतो आणि निमकहराम म्हणून त्याचा कडेलोट करतो. धड्याच्या शेवटी तात्पर्य दिलेलं होतं की स्वामिनिष्ठा हाच माणसाचा सर्वांत मोठा गुण.

मी धडा नेहमीसारखा वाचला, कठीण शब्द फळ्यावर लिहिले, कडेलोट म्हणजे काय ते सांगितलं. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. शिंप्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत उंच. एरवी तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

"बाई, मंग लेकराईनं मरावं काय?"

मी काही बोलायच्या आत पुढच्या ओळीतली पाटलाची मुलगी गर्रकन मागे वळली. "राजाचा हुकूम होता नं वं!"

"राजा कुठी होता? राजाच्या घरी जवारी होती. याईच्या घरी नव्हती."

"हुकूम म्हंजे हुकूम. माह्या बाबानं हुकूम देला का गडी ऐकतेत."

"मंग तुह्या बाबाले म्हणा, उपाशी ठेवून हुकूम दे. पाहू कोण आयकते!"

झालं. पाटलाच्या मुलीने हिची वेणी धरली, हिने तिची पाटी हिसकली आणि पाहता पाहता अख्खा वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. शेजारच्या ओसरीवर पहिलीच्या मुली पाढे म्हणत होत्या, त्याही पाढे सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी ओरडायला हवं होतं. पण मी हातात खडू धरून नुसती पाहत राहिले आणि माझी छाती आनंदाने धडधडत होती. अमरावतीला ट्रेनिंगमध्ये मुलींना गप्प कसं बसवायचं ते आम्हाला नीट शिकवलं होतं. मुली बोलायला लागल्या तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि इथे माझ्या मुली राजा आणि प्रजा यांवरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या!

"थांबा!" मी म्हणाले. "वेण्या सोडा. आपण याचा न्याय करू. रीतसर खटला चालवू. किल्लेदाराला उभं करू, त्याच्याकडून वकील, राजाकडून वकील. आणि गावाला बोलवू."

गावाला बोलवू, हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले मला आजही कळत नाही.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, फार भिडस्त होत्या. खटला हा शब्द ऐकूनच त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "बाई, दिवस कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरात तर जास्तच ठाऊक आहे. राजा म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं?"

"जुन्या काळचा राजा आहे, बाई. सरकारी पुस्तकातला."

पुस्तक सरकारी आहे, या एका गोष्टीने त्यांना धीर आला. शेवटी त्या कबूल झाल्या, पण अट घातली की बोलायचं ते जुन्या काळाबद्दलच. आजचा एक शब्द निघाला की त्या घंटा वाजवतील.

'तुमच्या घरात तर जास्तच' असं त्या म्हणाल्या, ते का, ते सांगायला हवं. घरी बाबा आणि मी दोघंच होतो. आई मी लहान असतानाच गेली. बाबा तहसील कचेरीत नाझर होते, खजिना सांभाळायचे, नुकतेच पेन्शनीवर आले होते. आमची शेती जवळच्याच खेड्यात, ती माझा मोठा भाऊ पाहायचा. त्याला मी दादा म्हणे. तीन वर्षांपूर्वी दादाने चळवळीत सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि तो तुरुंगात गेला. तेव्हा बाबा नोकरीत होते. पोरगा सुटून आला तेव्हा बाबांनी त्याला ओसरीवरूनच सांगितलं, "ज्या सरकारच्या पगारावर तू वाढला, त्याच्या कायद्यावर कोयता चालवला. माह्याशी बोलू नको." दादाही तसाच हट्टी. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दादा बाजाराच्या दिवशी बैलबंडी घेऊन यायचा, मागच्या अंगणात जवारीचं पोतं उतरवायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा, पाणी प्यायचा आणि जायचा. बाबा तेवढा वेळ पुढच्या खोलीत मोठ्याने खाकरत बसायचे.

आणि हेच बाबा माझ्यासाठी अख्ख्या जातीशी भांडलेले. माझं लग्न लहानपणीच धनजला झालं आणि कळायला लागायच्या आत मी विधवा होऊन माहेरी आले. जातीतल्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला की पोरीला घरात बसवा. बाबांनी मला शाळेत घातलं. आमच्या घरचं आमंत्रण कोणी घेईना, आम्हाला कोणी बोलवेना. बाबांनी कोणाची मनधरणी केली नाही की मला कधी ऐकवलं नाही. पुढे त्यांनीच मला अमरावतीला नेऊन सोडलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना त्यांचा कचेरीतला जुना काळा कोट आणि फेटा मागितला.

"कायले पायजे?"

मी खटल्याचं सांगितलं. बाबांनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मधे दोनदा थांबवून हुकूम तोंडी होता की लेखी ते विचारलं आणि म्हणाले, "याच्यात खटला कायचा? किल्लेदार गुन्हेगार आहे. सरळ गुन्हेगार आहे. कोणत्या दिवशी आहे म्हणतेस?"

"शनिवारी दुपारी."

"मी येतो. सांगतो त्याईले."

पेन्शन घेतल्यापासून बाबा देवळापलीकडे कुठे गेले नव्हते. मी इतकी हरखले, की कोट घेऊन आत पळाले.

दोन दिवसांनी बाजार होता. दादा पोतं उतरवता उतरवता म्हणाला, "काय वं, तुह्या शाळेत कोण्या किल्लेदारावर मुकदमा आहे म्हणते? बाजारात भाजीवाल्या भांडून राह्यल्या त्याच्यावरून. एक म्हणे त्यानं बरं केलं, दुसरीनं तिच्या अंगावर वांगे फेकले."

"खरंच?"

"मंग काय! मीबी येतो शनिवारी."

"दादा, बाबा येणार आहेत."

त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाला, "शाळा काही त्याईच्या एकट्याची नाही."

शनिवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. भीती होतीच, पण उत्साह त्याहून मोठा. शाळा सुटल्यावर मुली घरी जायलाच तयार नसायच्या. पाटलाची मुलगी राजाची वकील झाली. किल्लेदार व्हायला मात्र कोणी तयार होईना, कारण त्याचा कडेलोट होतो. शेवटी शिंप्याची मुलगी म्हणाली, "मी होतो. माहीच तं सुरुवात आहे." तिच्या बापाने बाबांचा कोट तिच्या मापाचा टाचून दिला, तेही एक टाका न उसवता. तिची वकील झाली दर्ग्याजवळच्या फुलवाल्याची पोर. तिची जीभ अशी तिखट, की मीच सावरून बोलायची तिच्याशी.

शनिवारी दुपारी शाळेचं अंगण भरलं. एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर, कडेवर लेकरं. कित्येक जणी सकाळचा कापूस वेचून तशाच आल्या होत्या, लुगड्यांना बोंडांची टरफलं चिकटलेली. पुरुष दुसऱ्या बाजूला. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, दादा थेट मागे भिंतीला टेकून उभा. मोठ्या बाई न्यायाधीश म्हणून टेबलामागे बसल्या, समोर घंटा.

सुरू करणार तेवढ्यात फाटकातून हवालदार आत आले.

"कोणाचा खटला आहे इथं? कचेरीत काही कागद नाही आमच्याकडे."

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "जुन्या काळचा आहे हो. पुस्तकातला. किल्लेदार आहे एक."

"सरकारी पुस्तकातला?"

"हो, हो, सरकारी."

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. "मंग बसतो," ते म्हणाले आणि दादाच्या शेजारीच भिंतीला टेकून बसले.

पाटलाच्या मुलीने सुरुवात केली. तिने असा आवाज लावला, की कडेवरचं एक पोर रडायला लागलं. "यानं राजाचं खाल्लं! राजानं याले मोठं केलं! अन् यानं राजाचा किल्ला दुश्मनाले देला!" मग फुलवाल्याची पोर उठली आणि तिने राजाच्या वकिलालाच उलट प्रश्न विचारले. राजाने इतके महिने निरोप का पाठवला नाही? धान्य का पाठवलं नाही? परत आल्यावर आधी लेकरांची चौकशी केली, की किल्लेदाराची? बायका मोठ्याने "व्हय, व्हय!" म्हणायला लागल्या. मग किल्लेदार उभा राहिला. फेटा कपाळावर घसरत होता. पाठ केलेलं भाषण ती पार विसरली. मी मागून पहिलं वाक्य कुजबुजले, ते तिला ऐकूच गेलं नाही.

मग ती आपल्याच मनाने म्हणाली, "मी रोज सकाळी किल्ल्यात फिरो. एका घरातून रडण्याचा आवाज येये. मले वाटे, हे रडनं बंद झालं पायजे. अन् एक दिवस थे बंद झालं. मंग मले लई भेव वाटलं. मी जाऊन दार उघडलं." एवढं बोलून ती खाली बसली.

कितीतरी बायकांनी पदर डोळ्याला लावला. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

आता लोकांनी बोलायचं होतं. बाबा उठले. ते कचेरीत बोलायचे तसेच बोलले, हात मागे बांधून.

"मी सारी नोकरी खजिन्याच्या किल्लीजवळ काढली. समोर उपाशी माणूस उभा राहे. मले दया येत नव्हती काय? येत होती. पण किल्ली माही नव्हती. माह्यावर भरोसा ठेवून देलेली होती. आज मी दयेनं कुलूप काढलं, तर उद्या दुसरा लोभानं काढीन, अन् दोघंही म्हणतीन का आमचं मन शुद्ध होतं. ज्याच्या हाती किल्ली देली त्यानंच दार उघडलं, तर दुनियेत कोणी कोणावर भरोसा कसा ठेवावा? किल्लेदार भला माणूस असन. पण गुन्हेगार आहे."

बाबा बसायच्या आत मागून आवाज आला. "गुन्हेगारच आहे!"

दादा होता. सगळ्यांच्या माना वळल्या. गावात कोणाला ठाऊक नव्हतं की हा बाप आणि हा लेक बोलत नाहीत?

"दुश्मनापुढं वाकला, तो गुन्हेगार," दादा म्हणाला. "मरण येत होतं तर यावं होतं. लढून मरावं होतं. एकानं जिवाच्या भेवानं दार उघडलं का सारा मुलूख गुलाम होते. असे किल्लेदार आपल्यात लई झाले, म्हणून तर आज…"

घंटा वाजली. मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी वाजवली. "जुन्या काळचं! जुन्या काळचं बोला!"

हवालदार खाली मान घालून हसत होते.

आणि मग सगळ्यांच्या हळूहळू ध्यानात आलं की दोघांनी एकच निकाल दिलाय. बाबांनी मान वळवली नाही, पण समोर पाहत ते स्पष्ट म्हणाले, "पोरगा बरोबर बोलून राह्यला."

तीन वर्षांत बाबांनी त्याच्याबद्दल काढलेले ते पहिले शब्द. मला रडावं की हसावं कळेना. आणि त्याच क्षणी मला दोघांचाही असा राग आला, की सांगता सोय नाही. सरकारचा माणूस आणि तुरुंगातून आलेला माणूस एक झाले, तेही त्या उंच पोरीला दरीत ढकलायला!

मास्तरणीने बाजू घ्यायची नसते. मी घेतली. मुलींच्या मागून उठून मधे आले.

"बाबा," मी म्हणाले, "वेढा आपल्या घरालाही पडला होता. बाहेर सारे उभे होते, म्हणत होते पोरीला कोंडून ठेवा. तो हुकूम होता. पिढ्यांचा हुकूम होता. तुम्ही दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. मग तुम्ही कोण? तुम्ही गुन्हेगार?"

विधवेने चारचौघांत आपली गोष्ट अशी सांगायची, हे त्या काळी कोणी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावरही मी मान खाली घातली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. मग हळू म्हणाले, "पोरी, थे दार माहं होतं. माह्या घराचं. किल्ल्याचं दार त्याचं नव्हतं."

उत्तर बिनतोड होतं. आणि तेव्हाच दादा भिंतीपासून निघाला, माणसांमधून वाट काढत पुढे आला आणि थेट बाबांसमोर उभा राहिला.

"मंग कोणाचं होतं?" त्याने विचारलं. "किल्ल्याचं दार कोणाचं?"

"राजाचं."

"राजा तं तिथं नव्हता. दगड कोणी वाहिले? पाहारा कोणी देला? मेले कोणाचे लेकरं? बाबा, दार आतल्या लोकाईचं होतं."

"तू आताच म्हणत होतास किल्लेदार गुन्हेगार आहे."

"म्हणत होतो. तुमचं ऐकलं अन् इचार बदलला. दार लोकाईचं असन तर त्यानं लोकाईले इचारून उघडलं का नाही, एवढंच पाहा लागते."

"लोकाईले इचारून राज्य चालत नसते!"

"काहून नाही चालत?"

"कारण लोकं आज एक म्हणतात, उद्या दुसरं!"

"राजाबी तसाच म्हणते!"

घंटा वाजत होती, पण कोणी ऐकत नव्हतं. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहून, लाल होऊन, बोटं नाचवून भांडत होते आणि मी तोंडावर पदर धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीन वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते. बायका मधूनच एकाला, मधूनच दुसऱ्याला शाबासकी देत होत्या. शेवटी एक म्हातारी उठून ओरडली, "अरे बाप्पा, तुमचं घरी जाऊन करा! त्या पोरीचं काय थे सांगा आधी!"

निकाल चिंचोक्यांनी लावायचा होता. दोन मडकी ठेवली, एक दोषी, एक निर्दोष. प्रत्येकाने एक चिंचोका टाकायचा, बायकांनीसुद्धा. कित्येक जणी आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी आपलं मत देत होत्या. मडक्याजवळ आल्या की थबकायच्या, नवऱ्याच्या बाजूला बघायच्या आणि मग पटकन टाकून मोकळ्या व्हायच्या. हवालदारही उठले. "नाव तं लिहून घेत नाही नं कोणी?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही मडक्यांवर हात फिरवला. चिंचोका कोणत्या मडक्यात पडला ते कोणालाच कळलं नाही. बाबांनी मात्र आपला चिंचोका उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि दोषीच्या मडक्यात टाकला.

निर्दोषचं मडकं जवळजवळ भरलं. मोठ्या बाईंनी किल्लेदार सुटला असं सांगितलं तेव्हा असा गलका झाला, की रस्त्यावरचे बैल बुजले. फुलवाल्याच्या पोरीने किल्लेदाराला मिठी मारली, फेटा पडला. पाटलाची मुलगी फुरंगटून बसली होती, तीही शेवटी येऊन तिच्या गळ्यात पडली. बाबा त्या उंच मुलीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बोललीस छान. पण दोषी आहेस हं तू."

"हो, आजोबा," ती म्हणाली.

घरी जाताना बाबा आणि दादा पुढे, मी मागे. दोघं रस्ताभर भांडत होते. घराशी आल्यावर दादा सवयीने मागच्या अंगणाकडे वळायला लागला. बाबांचं वाक्य अर्धं राहिलं होतं. "तिकडं कुठी चालला?" ते चिडून म्हणाले. "माहं बोलणं व्हायचं आहे अजून. आत ये." दादा ओसरी चढून आत आला. मी भाकरी थापल्या, पिठलं केलं. जेवताना दोघांचेही हात ताटात कमी आणि हवेत जास्त होते.

वरून विचारणा झालीच. शाळेत असलं काही भरवू नये, असा तोंडी हुकूम आला. पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई मला म्हणाल्या, "बाई, आता खटला म्हणायचं नाही. गोष्टीचा तास म्हणू." त्या भिडस्त बाईंच्या डोळ्यांत हसू होतं. मग आम्ही वर्गाची दारं लावून गोष्टीचा तास घ्यायला लागलो. पुढची दोन वर्षं आम्ही किती राजे, किती सरदार, किती ऋषी उभे केले, त्याची गणती नाही.

बाबा आणि दादाचं कशावरही एकमत झालं नाही, शेवटपर्यंत नाही. पुढच्या मोठ्या चळवळीत दादा पुन्हा तुरुंगात गेला. या वेळी बाबा स्वतः मला घेऊन अकोल्याला भेटायला गेले. भेटीची वेळ थोडी, आणि दोघांनी ती सगळी वाद घालण्यात घालवली. मला दादाची तब्येतसुद्धा विचारता आली नाही. शिपायाने वेळ संपली म्हणून सांगितलं, तेव्हा बाबांचा एक मुद्दा राहून गेला होता आणि ते त्या शिपायावरच रागावले.

बाहेर मोटार स्टँडवर बाबा बाकावर बसले, काठी दोन गुडघ्यांत धरली.

"सारं चुकीचं बोलते तो," ते म्हणाले. "पण काय मांडते, पोरी! मुद्द्याले मुद्दा. कचेरीत असता तर मी त्याले वरच्या जागेवर नेला असता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उन्हाने आणि अभिमानाने लाल झाला होता. तेवढ्यात मोटार आली आणि आम्ही बसलो.